बोलक्या पुस्तकाचा व्यापार

खेळण्यांच्या दुकानांत शिरणारीं गिऱ्हाइकें नेहमीं जोडीनें येतात. त्यांपैकीं एकाचें डोकें दुकानाच्या गल्ल्यापर्यंतही पोंचत नाहीं. त्याच्यापाशीं हौस असते, पण पैसा नसतो. दुसऱ्याच्या खिशांत पैसा असतो, पण त्याला स्वतःला खेळावयाचें नसतें. मूल विचारतें, "यांत मौज आहे का?" आणि वडील माणूस विचारतो, "याचा उपयोग काय?" ज्या खेळण्याच्या पेटीवर 'शैक्षणिक' हा शब्द छापलेला असतो, तें खेळणें या दोन्ही प्रश्नांना एकदमच होकार देत असतें. हा शब्द पाळणें कठीण; आणि तो पाळून त्यावर धंदा उभा ठेवणें त्याहूनही कठीण. श्रोतेहो, आज मी आपणांस अशा एका अमेरिकन कंपनीचा इतिहास सांगणार आहें. एकानें ओणवें व्हावें आणि दुसऱ्यानें त्याच्या पाठीवरून उडी मारावी, हा मुलांचा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या खेळाचें इंग्रजी नांव 'लीपफ्रॉग'. आणि तेंच या कंपनीनें आपल्यासाठीं निवडलें.

परंतु या धंद्याचा पाया पुष्कळ आधीं घातला गेला होता, आणि तो पाहिल्यावांचून पुढील कथेचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं. जर्मनींत फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षणशास्त्रज्ञानें १८४० सालीं आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. लोकरीचे रंगीत चेंडू, लांकडी गोल, घन, नळकांडें आणि ठोकळ्यांच्या पेट्या अशीं साधनें त्यानें क्रमवार योजिलीं व त्यांना 'देणग्या' असें म्हटलें. अमेरिकेंत या देणग्या तयार करून विकण्याचें काम मिल्टन ब्रॅडली या गृहस्थानें हातीं घेतलें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें त्याचा शिळाछापाचा छापखाना होता. १८६० सालीं त्यानें अब्राहम लिंकन यांचें चित्र छापून विकावयास काढलें. पण लिंकन यांनीं दाढी राखली आणि ब्रॅडलीचीं बिनदाढीचीं चित्रें पडून राहिलीं. त्याला सांवरलें तें त्याच सुमारास छापलेल्या 'चेकर्ड गेम ऑफ लाइफ' या पटावरच्या खेळानें. पुढें एलिझाबेथ पीबॉडी या विदुषीच्या प्रचारामुळें तो फ्रोबेलच्या तत्त्वांकडे ओढला गेला, आणि १८६९ सालीं एडवर्ड वीबे यांचें बालोद्यानावरील पुस्तक त्यानें प्रसिद्ध केलें. बालशाळांच्या साहित्यांत आरंभीं नफा कसला तो नव्हता, आणि त्याच्या भागीदारांना ही हौस महाग वाटे. ब्रॅडलीनें मात्र ती सोडली नाहीं. ती सोडावी लागली नाहीं, कारण पटावरच्या खेळांचा धंदा तिला पोशीत होता. १९११ सालीं तो वारला, तोंपर्यंत रंगपेट्या, रंगीत कागद आणि ठोकळे यांमुळें त्याच्या कारखान्याचें नांव शाळांशाळांतून परिचित झालें होतें.

यांतील दोन गोष्टी आपण लक्षांत ठेवूं. पहिली अशी कीं, शिकविण्याचें साहित्य सावकाश रुजतें, आणि तें रुजेपर्यंत त्याचा खर्च सोसणारा दुसरा धंदा घरांत असावा लागतो. दुसरी अशी कीं, फ्रोबेलच्या देणग्या मुक्या होत्या. त्यांच्याजवळ शिक्षिका बसलेली असेल, हें त्यांत गृहीत धरलेलें होतें.

आतां लीपफ्रॉगकडे वळूं. आपल्या बाळबोध लिपींत अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सोयरीक पक्की असते. 'क' ओळखला कीं त्याचा ध्वनिही हातीं येतो. इंग्रजींत तशी सोय नाहीं. 'सी' या नांवाचें अक्षर 'कॅट' या शब्दांत 'क' होतें आणि 'सिटी' या शब्दांत 'स' होतें. अक्षराचें नांव निराळें, उच्चार निराळा, आणि तो उच्चारही जागेप्रमाणें बदलणारा. त्यामुळें इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला वाचनाच्या पहिल्याच पायरीवर ठेंच लागते, आणि शेजारीं बसून तोच ध्वनि पुनःपुन्हा न कंटाळतां म्हणून दाखविणारें कोणी तरी हवें असतें. सॅन फ्रान्सिस्को येथें वकिली करणारे मायकेल वुड यांच्या लहान मुलाला हीच ठेंच लागली. दुकानांत मनाजोगें साधन मिळेना, तेव्हां तें आपणच घडवावें असें वुड यांनीं ठरविलें. त्यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट कॅल्फी यांचा सल्ला घेतला, आणि १९९५ सालीं कॅलिफोर्नियांतील एमरीव्हिल या गांवीं कंपनी सुरू झाली. तिच्या पहिल्या खेळण्याचें नांव 'फोनिक्स डेस्क'. त्यांतील अक्षर दाबलें कीं त्या अक्षराचा ध्वनि ऐकूं येई.

प्राध्यापकांचा हा सल्ला ज्ञानाच्या दृष्टीनें उपयोगी होताच. पण व्यापाराच्या दृष्टीनेंही तो मोलाचा होता. खेळणें चांगलें कीं वाईट, हें मूल पांच मिनिटांत सांगूं शकतें. परंतु त्यानें मूल शिकतें कीं नाहीं, हें दुकानांत उभ्या असलेल्या पालकाला कळण्याचा कोणताच मार्ग नसतो. त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विसंबावें लागतें. हा शब्द विद्यापीठाचा असला तर पैशाची पिशवी लवकर सुटते. शैक्षणिक साधनें विकणाऱ्या पुष्कळ कंपन्यांनीं तज्ज्ञांचीं सल्लागार मंडळें नेमलीं, त्याचें एक कारण हेंही होय.

१९९७ सालीं मायकेल मिल्कन व लॅरी एलिसन यांचें पाठबळ असलेल्या 'नॉलेज युनिव्हर्स' या संस्थेनें लीपफ्रॉगमध्यें मोठा हिस्सा घेतला. भांडवल आलें, आणि भांडवलाच्या पाठोपाठ नेहमीं येते ती घाईही आली. पुढील वर्षीं लीपफ्रॉगनें 'एक्सप्लोर टेक्नॉलॉजीज' ही लहानशी कंपनी विकत घेतली. या कंपनीनें एक बोलका पृथ्वीगोल तयार केला होता. जोडलेली लेखणी एखाद्या देशावर टेंकवली कीं गोल त्या देशाचें नांव व माहिती सांगे. जिम मार्ग्राफ हे तिचे प्रमुख होते. गोलाच्या पृष्ठावर जी युक्ति चालते ती सपाट पृष्ठावर कां चालूं नये, या विचारांतून १९९९ सालीं 'लीपपॅड' बाजारांत आलें.

लीपपॅड म्हणजे उघडमीट करतां येणारी एक पेटी. तिच्यावर नेहमींच्या छापील कागदाचें पुस्तक ठेवावयाचें, आणि कडेच्या खांचेंत त्या पुस्तकाबरोबर मिळालेली कार्ट्रिज, म्हणजे ध्वनि सांठविलेली लहानशी डबी, बसवावयाची. नवीन पान उलटलें कीं त्यावरील ठराविक खुणेला लेखणी लावून यंत्राला तें पान कळवावयाचें. मग मूल ज्या शब्दावर लेखणी टेंकवील तो शब्द पुस्तक मोठ्यानें उच्चारी. चित्रांतल्या गाईवर टेंकवली तर गाय हंबरे. कागदाच्या खालीं असलेल्या पृष्ठभागाला लेखणीची जागा कळे, आणि त्या जागेचा ध्वनि डबींतून काढला जाई. कागदाचें पुस्तक कागदाचेंच राहिलें, आणि तरीही तें बोलूं लागलें. पडद्यापासून मुलांना दूर ठेवूं पाहणाऱ्या आईबापांना याहून सोईची गोष्ट कोणती?

आतां यांतील व्यापारी डाव पाहा. पेटीची किंमत सुमारें ५० डॉलर ठेवण्यांत आली, आणि प्रत्येक नव्या पुस्तकाची सुमारें १५ डॉलर. पेटी एकदांच घ्यावयाची. पुस्तकें मात्र मूल वाढेल तशीं घेत राहावयाचीं. शिवाय एका कंपनीच्या पेटींत दुसरीचें पुस्तक चालावयाचें नाहीं. आवळा देऊन कोहळा काढण्याची ही रीत नवी नव्हे. दाढीचें यंत्र स्वस्त विकून पात्यांवर नफा मिळविणाऱ्यांनीं ती आधींच रूढ केली होती. परंतु शिक्षणाच्या क्षेत्रांत तिला एक निराळीच धार येते. दाढीचें पातें संपलें म्हणून माणूस दुसरें आणतो. पुस्तक संपलें तर मूल मागें पडेल या भीतीनें आईबाप दुसरें आणतात.

डाव यशस्वी झाला. २००० सालच्या नाताळच्या हंगामांत लीपपॅड हें अमेरिकेंतील सर्वाधिक खपाच्या खेळण्यांत जाऊन बसलें. कंपनीनें शाळांसाठीं स्वतंत्र शाखा काढली. जुलै २००२ मध्यें तिचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत १३ डॉलर दरानें विक्रीस निघाले, आणि त्या मंदीच्या वर्षीं ते विशेष गाजले. २००३ सालीं तिची विक्री ६८ कोटी डॉलरपर्यंत गेली.

याच काळांतील एक प्रसंग मला कंपनीच्या सर्व आंकड्यांहून अधिक बोलका वाटतो. २००४ सालीं अमेरिकेच्या आरोग्य खात्यानें लीपफ्रॉगच्या सहकार्यानें अफगाणिस्तानांतील स्त्रियांसाठीं एक बोलकें आरोग्यपुस्तक तयार करविलें. गरोदरपण, लसटोंचणी, आहार, स्वच्छता असे विषय त्यांत चित्रांनीं मांडलेले होते, आणि चित्राला स्पर्श केला कीं दारी व पश्तू या भाषांत माहिती ऐकूं येई. अशा सुमारें २०,००० प्रती वांटण्याची योजना होती. ज्या स्त्रीला वाचतां येत नव्हतें, आणि जिच्या घरांत वाचून दाखविणारेंही कोणी नव्हतें, तिच्या हातीं हें पुस्तक पडणार होतें. त्या घरीं यंत्राचा आवाज कोणाच्याच जागेवर येऊन बसत नव्हता. ती जागा रिकामीच होती. मात्र त्या पुस्तकाचे पैसे त्या स्त्रीनें भरलेले नव्हते, सरकारनें भरले होते. कंपनीचें खरें गिऱ्हाईक ती नव्हती. तें होतें अमेरिकेंतील मध्यमवर्गीय घर, जेथें आईला वाचतां येतें, बापाला वाचतां येतें, कपाटांत पुस्तकें आहेत; आणि कमी असेल तर तो दोघांजवळचा वेळ. ज्यांना या साधनाची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याजवळ पैसा नाहीं. आणि ज्यांच्याजवळ पैसा आहे, त्यांची गरज सर्वांत कमी. या धंद्यांतली ही मूळची तेढ लीपफ्रॉगला सोडवितां आली नाहीं, आणि तशीच ती इतरांनाही सहसा सोडवितां आलेली नाहीं.

उतार फार लवकर सुरू झाला. २००३ सालींच मॅटेल या बलाढ्य कंपनीच्या 'फिशर-प्राइस' शाखेनें 'पॉवरटच' नांवाचें बोलकें पुस्तक बाजारांत आणलें. त्याला बोटानेंच स्पर्श केला तरी चाले. लीपफ्रॉगनें आपल्या पेटंटचा भंग झाला म्हणून दावा लावला. खटला चार वर्षें चालला. मे २००७ मध्यें अपील न्यायालयानें निकाल दिला, तो लीपफ्रॉगच्या विरुद्ध. जें पेटंट वादांत होतें तें अक्षर दाबून ध्वनि ऐकण्याच्या मूळ कल्पनेचेंच होतें. न्यायालय म्हणालें कीं, दाबल्यावर शब्दाचे ध्वनि ऐकविणारें एक यांत्रिक खेळणें पूर्वीं पेटंट झालेलें होतें, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचें विजेवर चालणारें वाचनयंत्रही बाजारांत येऊन गेलेलें होतें; या दोहोंची सांगड घालणें कोणाही जाणत्या कारागिराला सहज सुचलें असतें. त्याच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनें १९७८ सालीं 'स्पीक अँड स्पेल' या खेळण्यांत एका चिपवर मनुष्याचा आवाज निर्माण करून दाखविला होता, हें येथें स्मरणांत ठेवण्यासारखें आहे. 'क'चा उच्चार 'क' असतो, ही गोष्ट कोणाच्याही मालकीची होऊं शकत नाहीं. कुंपण घालतां येतें तें पेटीला. शिकविण्याला घालतां येत नाहीं.

खटल्यापेक्षांही धंद्याची घडणच कंपनीला अधिक भोंवली. विक्रीचा मोठा भाग वर्षाच्या उत्तरार्धांत, नाताळच्या खरेदींत होई. तोही मुख्यतः वॉलमार्ट, टॉईज आर अस व टार्गेट या तीन दुकानदारांच्या हातून. एक हंगाम चुकला तर पुढचें वर्षभर गोदामांत माल पडून राही. शिवाय या धंद्यांत गिऱ्हाईक टिकत नाहीं. मूल वाचूं लागलें कीं तें कंपनीला सोडून जातें. शिकविण्यांत यश येणें म्हणजेच गिऱ्हाईक गमावणें! पुन्हा नव्या आईबापांना पहिल्यापासून पटवावें लागतें, आणि त्यासाठीं दरवर्षीं नवें नवल लागतें. २००४ सालीं विक्री घटून कंपनीला तोटा झाला. २००६ सालीं विक्री सुमारें ५० कोटींवर उतरली आणि तोटा १४ कोटींच्या वर गेला. ब्रॅडलीच्या घरीं पटावरचे खेळ होते. लीपफ्रॉगच्या घरीं असा दुसरा आधार नव्हता.

कंपनी हातपाय गाळून बसली मात्र नाहीं. २००८ सालीं तिनें 'टॅग' ही लेखणी काढली. पेटी गेली, लेखणींतच लहानसा कॅमेरा बसविला, आणि कागदावर डोळ्यांना सहज न दिसणारे ठिपके छापले, म्हणजे लेखणीला आपण कोणत्या पानावर कोठें आहों हें कळे. त्याबरोबरच मुलानें काय वाचलें, कोठें अडलें, हें आईबापांना संगणकावर पाहण्याची सोय केली. ही कल्पना चतुर होती. पालकाला शिक्षणाचें फळ दिसत नाहीं ही जुनी अडचण तिनें ओळखली होती, आणि आतां खेळणें स्वतःच आपली प्रगतिपुस्तिका घरीं पाठवूं लागलें होतें.

परंतु २०१० सालीं ॲपल कंपनीचा आयपॅड आला आणि घराघरांत पडदा मुलांच्या हातीं गेला. लीपफ्रॉगनें २०११ सालीं मुलांसाठीं १०० डॉलरच्या आंतला टॅबलेट काढला. तो चांगला खपला. २०१२ सालीं विक्री पुन्हा ५८ कोटींवर चढली. पण हें तेज अल्पकाळचें ठरलें. ज्या टॅबलेटवर आईबाप स्वतःचीं कामें करीत, त्यावरच मुलांचे खेळ फुकट किंवा एकदोन डॉलरांत मिळूं लागले. मग २० डॉलरची कार्ट्रिज कोण घेणार? आवळा आतां सर्वांच्याच घरीं आलेला होता, आणि कोहळा कोणी देईना. एप्रिल २०१६ मध्यें व्हीटेक या हाँगकाँगच्या कंपनीनें लीपफ्रॉग सुमारें ७ कोटी २० लाख डॉलरला विकत घेतली. भागाला भाव मिळाला एक डॉलर. चौदा वर्षांपूर्वीं तोच भाग १३ डॉलरला निघाला होता.

व्हीटेक ही कंपनी १९७६ सालीं ॲलन वाँग व स्टीफन लिउंग यांनीं स्थापिली, आणि १९८० सालीं 'लेसन वन' हें शैक्षणिक खेळणें काढलें. पण तिनें केवळ खेळण्यांवर भिस्त ठेवली नाहीं. बिनतारी दूरध्वनि आणि दुसऱ्यांसाठीं इलेक्ट्रॉनिक माल तयार करून देणें, हेही तिचे मोठे धंदे झाले. स्प्रिंगफील्डच्या ब्रॅडलीचीच ही जुनी रीत. शिकविणारें खेळणें दुसऱ्या धंद्याच्या सावलींत वाढविणें. मात्र नव्या काळाची नवी जोखीमही तिच्या वांट्यास आली. नोव्हेंबर २०१५ मध्यें तिच्या संगणकांत चोरांनीं शिरकाव केला आणि ५० लाखांच्या आसपास पालकांचीं खातीं व ६० लाखांहून अधिक मुलांची माहिती उघडी पडली. या प्रकरणीं अमेरिकेच्या व्यापार आयोगाशीं झालेल्या तडजोडींत २०१८ सालीं तिला ६,५०,००० डॉलर दंड भरावा लागला. जें खेळणें पालकाला मुलाची प्रगति सांगतें, तें ती प्रगति कोठें तरी लिहूनही ठेवतें. फ्रोबेलच्या ठोकळ्यांना कोणाचें नांवगांव ठाऊक नव्हतें.

अशा बोलक्या खेळण्यांनीं मुलें खरोखरच शिकतात का, हा प्रश्न आतां आपण टाळूं शकत नाहीं. अमेरिकेंतील ॲना सोसा या संशोधिकेनें १० ते १६ महिन्यांचीं २६ मुलें व त्यांचे पालक यांच्या घरांतील खेळाचीं ध्वनिमुद्रणें तपासून पाहिलीं. आवाज करणारीं विजेरी खेळणीं, साधीं लांकडी खेळणीं व ठोकळे, आणि पुस्तकें असे तीन प्रकार त्यांना आळीपाळीनें दिले होते. खेळणें बोलूं लागलें कीं आईबाप कमी बोलत. पुस्तक हातीं असलें कीं सर्वांत अधिक बोलत. हीं मुलें वाचावयास शिकण्याच्या वयाचीं नव्हतीं, आणि हा प्रयोग लीपपॅडची परीक्षा नव्हता, हें सांगितलें पाहिजे. परंतु त्यांतून आपल्या प्रश्नाचें एक टोंक हातीं लागतें. यंत्र काय बोलतें याबरोबरच, यंत्र बोलत असतां घरांतलें कोण गप्प होतें, हेंही पाहिलें पाहिजे.

म्हणून लीपफ्रॉगची कथा ही लबाडीची कथा आहे असें मला वाटत नाहीं. एका बापाच्या खऱ्या अडचणींतून ती निघाली, आणि तिनें घडविलेलें साधन कुशल होतें. तिच्यावर दोन ओझीं होतीं. भागधारकांना दर तीन महिन्यांनीं वाढ हवी होती, आणि मुलाचें वाचन त्या वेगानें वाढत नाहीं. दुसरें असें कीं, जिच्या घरीं वाचून दाखविणारें कोणी नाहीं, तिच्यासाठीं जें वरदान ठरलें असतें, तें तिला मुख्यतः अशा घरांना विकावें लागलें, जेथें वाचून दाखविणारें माणूस शेजारच्याच खोलींत बसलेलें होतें.

खेळणें विकत घेतांना आपण दुकानदाराला पुष्कळ प्रश्न विचारतों: किती टिकेल, काय शिकवील, कोणत्या वयाला योग्य. यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, आणि तो दुकानदाराला न विचारतां स्वतःलाच विचारावा: हें घरीं आल्यावर मुलाशेजारीं कोण बसणार आहे? त्या जागीं बसणारें कोणीच नसेल, तर बोलकें पुस्तक अवश्य घ्यावें. तें पैसे वसूल करून देईल. आपण स्वतःच बसणार असलों, तर साधें पुस्तकही पुरेल. आणि 'सी' या अक्षराचा उच्चार एके ठिकाणीं 'क' आणि दुसरीकडे 'स' असा कां होतो, हा मुलाचा प्रश्न ऐकून आपल्यालाही थोडें अडखळल्यासारखें होईल.